सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

लातूरच्या एका दैनिकात मी वीसेक वर्षं बातमीदारी केली. भानामतीची तक्रार आली की त्या गावी जायचं, दोन दिवस राहायचं आणि कपडे पेटवणारा घरातलाच माणूस शोधून काढायचा, हे माझं आवडतं काम. अशा डझनभर बातम्या माझ्या नावावर आहेत. म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... जे पाहिलं तेवढंच लिहितो.

देवणीच्या पुढे, मांजरेच्या काठावर माझं आजोळ आहे. गावाचं नाव देत नाही. गाव गिरणीचं. कापसातून सरकी काढायची आणि प्रेसमध्ये रुईच्या गाठी दाबायच्या, एवढंच काम. पण सगळं गाव त्यावर उभं होतं. बॉयलरला पाणी हवं म्हणून निजामाच्या काळात गिरणी नदीला चिकटून बांधली, आणि शेवटी नदीनंच ती संपवली. दसरा ते होळी हंगाम. त्या दिवसांत गावातल्या प्रत्येकाच्या भुवया पांढऱ्या असायच्या आणि निम्मं गाव खोकत असायचं. आज तिथं सोयाबीन आहे, चिमणीत पिंपळ उगवलाय आणि तरणी मुलं पुण्याला आहेत. पत्ता मात्र अजून 'प्रेसगल्ली' असाच सांगतात.

वैजनाथमामा त्या गिरणीत हजेरी-कारकून होता. फाटकाजवळ त्याची खोली, खोलीत खिळ्यांची एक लांब फळी. प्रत्येक कामगाराचा एक पितळी बिल्ला — एका बाजूला उर्दू आकडा, दुसऱ्या बाजूला मराठी. आत जाताना खिळ्यावरून काढायचा, बाहेर पडताना स्वतःच्या हातानं लावायचा. दुसऱ्याचा बिल्ला कुणी लावायचा नाही, हा गिरणीचा पहिला नियम. फळी भरली म्हणजे आत कुणी नाही. मगच फाटकाला कुलूप.

मी शाळेत असताना दसऱ्याआधीच्या साफसफाईत परतीचा पाऊस झाला आणि मांजरा गिरणीत शिरली. भोंगा वाजला, माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. फळी भरली, कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी कळलं की शरणप्पा नावाचा कामगार घरी पोचलाच नाही. त्याचा सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला तर खिळ्यावर होता. म्हणजे तो बाहेर पडला होता. म्हणजे पळून गेला — कुणी म्हणालं बिदरला, कुणी त्याला एक बाईही जोडून दिली. आत शोध घ्यायचं कारणच उरलं नाही. चार दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा आत गुडघाभर गाळ होता. गिरणी पुन्हा सुरू झाली नाही.

शरणप्पाची बायको महानंदाकाकू आता सत्तरीच्या पुढं आहे. कपाळाला विभूती आणि तिच्याखाली ठसठशीत कुंकू. गावातल्या बाया अजून टोमणा मारतात, "पळाल्याल्याची खूण मिरवायली." काकूचं उत्तर ठरलेलं : "चप्पल घरी सोडून कोण पळतंय गं? तुझा पळाला तर सांग, मी बी बघंन."

मागच्या मे महिन्यात पुरवणीसाठी गावावर लेख लिहायला मी मामाकडे राहिलो. टँकर आठ दिवसांनी येत होता. नदीत वाळूसुद्धा उरली नव्हती. गिरणी बंद झाल्यावर मामानं ती फळी घरी आणून मधल्या खोलीत लावली होती. फोटो काढायला जवळ गेलो तर एका बिल्ल्याखालची भिंत ओली दिसली. बोटभर रुंद ओघळ, पार जमिनीपर्यंत. सत्तेचाळीस नंबर. बाकी सगळे कोरडे.

छत पाहिलं. वर पत्रा, त्यावर ऊन. भिंतीत नळ नाही. मी बिल्ला काढून पुसला आणि बारा नंबरच्या खिळ्यावर लावला. संध्याकाळपर्यंत जुनी जागा वाळली होती आणि ओघळ बाराखाली होता. दुसऱ्या दिवशी बिल्ला स्टीलच्या डब्यात घालून झाकण चिकटपट्टीनं बंद केलं, पट्टीवर सही केली आणि डबा माझ्या बॅगेत कुलपात ठेवला. सकाळी सही जशीच्या तशी होती. डब्यात बोटभर गढूळ पाणी होतं. वास पुराच्या गाळाचा — ज्यानं तो एकदा घेतलाय त्याला सांगावा लागत नाही.

डबा मामापुढं ठेवला. त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं डब्याची कड पुसली.

"हात लावू नको म्हणलं होतं का न्हाई तुला?"

"कधीपासून होतंय हे?"

"फळी घरी आणल्यापासून. रोज पुसतो मी."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू सोमनाथ? हा त्याचा बिल्लाच न्हाई."

मग तो बोलला. शरणप्पाला नदीकडच्या दारानं घरी जायची सवय होती. बिल्ला खिशातच राहायचा, सकाळी परत आणायचा. मामा शिव्या घालायचा, पण साहेबापुढं फळी भरलेली दिसावी म्हणून हरवल्या-सांडल्यासाठी ठेवलेला त्याच नंबरचा दुसरा बिल्ला लावून टाकायचा. पुराच्या दिवशीही मामाला वाटलं, पाणी चढायच्या आधीच गेला असंल नदीकडनं. लावला.

"तो प्रेसच्या खड्ड्यात साफसफाई करत होता, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. तवर सगळे म्हणत होते, वैजनाथची फळी खोटं बोलत न्हाई."

"मग?"

"मग मी बी बोललो न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याला काकूकडे नेलं. ती शेंगा फोडत होती. मामा उभ्यानं सगळं सांगून मोकळा झाला. काकूचे हात थांबले नाहीत. सूप भरल्यावर तिनं मान वर केली.

"बसा भाऊ. पाणी घ्या." आणि तांब्या त्याच्यापुढं ठेवून — "लई वर्षं पोरं मला इचारायची, अण्णा कुठं गेले. मी म्हणायची, कुठं बी गेले न्हाईत. माझंच खरं होतं म्हणा की."

गिरणीच्या जागेवर गोदाम होणार होतं. मी तहसीलला अर्ज दिला, पोलीस आले, प्रेसचा खड्डा उपसला. तळाशी, वाळून दगड झालेल्या गाळात काही हाडं होती, लिंगायत गळ्यात घालतात ती लिंगाची चांदीची डबी होती आणि एक पितळी बिल्ला. सत्तेचाळीस. दोन्ही बाजूंनी सारखाच काळवंडलेला. पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही आहे.

मामाकडचा, फळीवर परत लावलेला बिल्ला त्या दुपारपासून कोरडा आहे.

पोलिसांनी वस्तू परत दिल्या तेव्हा काकू मामाच्या घरी आली. कपाळावर फक्त विभूती होती. मामानं फळीवरचा खोटा बिल्ला काढून माझ्या हातात दिला आणि खऱ्यासाठी हात पुढं केला.

"द्या वहिनी. एकदा तरी नीट लावतो."

काकूनं मूठ मिटली.

"दुसऱ्याच्या हातानं लावायचा नसतो म्हणत होता न्हवं तुम्ही?"

मामाचा हात तसाच राहिला. काकू बिल्ला घेऊन गेली. हाडं पुरली त्या समाधीत लिंगाच्या डबीशेजारी तिनं तो ठेवला. माती लोटताना मामा मागं, कुंपणाशी उभा होता. त्याला कुणी पुढं बोलावलं नाही.

डब्यातलं पाणी मी लातूरला एका प्रयोगशाळेत दिलं होतं. रिपोर्ट एका ओळीचा आला : नदीचं पाणी, गाळ जास्त. कुठल्या नदीचं, ते विचारायला मी परत गेलो नाही. लेख छापून आला, त्यात यातलं काहीच नाही. संपादकांना काय सांगणार होतो? स्वतःला देण्याजोगं कारण आजही माझ्याकडे नाही.

दुसरा बिल्ला माझ्या टेबलाच्या खणात आहे, कोरडा. फळी अजून मामाच्या मधल्या खोलीत आहे. तो रोज सकाळी फडकं घेऊन तिच्यापुढं उभा राहतो. पुसायला काही नसतं. सत्तेचाळीसचा खिळा रिकामा आहे आणि फळी आता पहिल्यांदा खरं सांगते... एक माणूस आत आहे.