अमडापूरचं चिनी पाऊल

सलीममास्तर थांबले तेव्हा त्यांचा पाय सुरुवातीच्या खुणेपासून चांगला वीतभर बाजूला होता. हॉल चिखलीचा. टेबलामागे आम्ही तीन परीक्षक. मधल्या खुर्चीवर प्रमुख परीक्षक खेडेकर सर, त्यांनी पेन खाली ठेवलं.

"परत करा," सर म्हणाले.

मास्तरांनी परत केलं. पाय परत तिथंच, वीतभर बाजूला.

मी मेहकरच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि जिल्ह्यात तायक्वांदोच्या परीक्षा घेते. तायक्वांदो म्हटलं की लोकांना लाथा आठवतात. पण त्यात पूमसे नावाचा प्रकार असतो. एकट्यानं करायचा. समोर शत्रू आहे असं मानून ठरलेल्या हालचाली ठरलेल्या रेषांवरून करायच्या आणि जिथून निघालो तिथंच येऊन थांबायचं. थांबण्याची जागा चुकली म्हणजे मधे कुठंतरी पाऊल चुकलं. मास्तर करत होते ते पहिलंच पूमसे, तेगुक इल जांग. अठरा हालचाली. आमच्याकडची बाराखडी म्हणा ना.

आणि बाराखडीत चुकत होता वीस वर्षं बाराखडी शिकवणारा माणूस. सलीममास्तर अमडापूरचे शिंपी, वय बावन्न. त्यांचे उस्ताद अकोल्याचे. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेआधीच ते वारले आणि मास्तर एक पायरी खालच्या लाल पट्ट्यावरच राहिले. तरी रोज सकाळी गावातल्या पोरांना शिकवत राहिले, दुकान उघडायच्या आधी. यंदा गावातल्या शाळेनं त्यांना पत्र दिलं, सुट्ट्या संपायच्या आत ब्लॅक बेल्टचा दाखला आणा, नाहीतर मुलं दुसऱ्या प्रशिक्षकाकडे जातील. म्हणून हा माणूस पोरासोरांच्या रांगेत परीक्षेला उभा होता.

आता माझी हौस सांगते, कारण घोटाळा तिनंच केला. या पूमसेंचा इतिहास हा माझा आवडता विषय. तेगुकची मालिका तशी अलीकडची, माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची. पण तिच्यामागचा विचार चिनी आहे, फार जुना. चिनी लोकांनी तीन-तीन आडव्या रेषांच्या आठ आकृत्या मानल्या, एकेक आकृती आकाश, अग्नी, वारा, पाणी अशा कशाची तरी. तेगुकची आठ पूमसे त्या आठांवर बेतलेली. पहिलं आकाशाचं, तीन अखंड रेषा. आणि तायक्वांदोच्या आधी कोरियात ज्या शैली होत्या, त्यांतल्या एकीच्या नावाचा अर्थच 'चिनी हात' असा होतो. चिनी पद्धतीत वळणं गोल असतात, कोरियन पाऊल बहुधा सरळ पडतं.

मास्तरांचं पाऊल चालण्याच्या दुसऱ्या रेषेवर वळताना गोल जात होतं. पाय आत ओढायचा, अर्धवर्तुळ काढायचं, मग टेकवायचा. मी खुर्चीत सावरून बसले.

"मास्तर, हे गोल पाऊल कुणी शिकवलं?"

"उस्तादनंच शिकवलं असन मॅडम. पाय आपोआप जाते. काऊन जाते, ते काई सांगता येत नाही."

"तुमचे उस्ताद आधी कुठली शैली करायचे?"

"काई तरी जुनी करत होते. ते नाव मले याद नाही."

मला एवढं पुरे होतं. मी सरांच्या कानाला लागले. म्हटलं, सर, ही चूक नाही, वारसा आहे. जुन्या शैलीतून आलेल्या उस्तादाची सवय आहे, हे चिनी वळण आहे. दहा मिनिटं बोलले असेन. सर कंटाळून म्हणाले, "बरं. नापास नको. महिन्यानं परत बोलवू. तुम्ही टिपण लिहून द्या."

बाहेर मी मास्तरांना हे सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. "म्हंजे उस्ताद माह्या पायात हायेत म्हना," एवढंच म्हणाले. मलाही गहिवरून आलं. आपण फार मोठं काम केलं असं वाटत घरी गेले.

आठवड्यानं टिपणासाठी व्हिडिओ घ्यायला अमडापूरला गेले. वर्ग एका जुन्या धान्य-गोदामात भरतो, पण त्या दिवशी गोदामात सोयाबीनची पोती आली होती, म्हणून मास्तरांनी पोरं समोरच्या मैदानात उभी केली होती. चाळीस पोरं. सगळ्यांनी एकदम इल जांग सुरू केलं. दुसऱ्या रेषेवर चाळीस पाय एकदम आत ओढले गेले, गोल फिरले आणि टेकले. माझ्या अंगावर काटा आला. एका उस्तादाचं पाऊल, पिढ्या ओलांडून!

पहिल्या ओळीत दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी होती. मोबाईल तिच्याकडे धरून विचारलं, "बाळा, हा पाय असा गोल का नेतेस गं?"

"खांब हाये न मॅडम."

"कुठं?"

तिनं गोदामाकडे बोट केलं. "आतमंदी. पाय सरळ टाकला तं नडगीले लागते."

मी आत गेले. पोत्यांमधून दिसत होता. छताला टेकू दिलेला लोखंडी खांब. गोदाम अरुंद, एका वेळी एकानंच पूमसे करायचं, बाकीच्यांनी भिंतीला टेकून बसायचं. आणि दुसऱ्या रेषेचं टोक बरोबर त्या खांबापाशी. मास्तरांनी स्वतःचा सरावही वीस वर्षं तिथंच केलेला.

मास्तर माझ्या मागे येऊन उभे होते. खांबाकडे बघत राहिले. मग त्यांनी तिथल्या तिथं ते वळण करून पाहिलं, पाय आत घेतला, गोल नेला. बरोबर खांब चुकला.

"म्हंजे हे उस्तादचं नोहोय," ते हळू म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसानं काही मागितलं नव्हतं. त्याचा उस्ताद मीच त्याच्या पायात बसवला होता आणि आता मीच काढून घेत होते. वर पेच असा की दुसरी संधी मिळाली होती ती माझ्या चिनी वळणावर. खरं सांगितलं तर सर तिथंच नापास करतील आणि मास्तरांचा वर्ग जाईल. गप्प बसले तर खोट्या टिपणावर माझी सही.

"मास्तर, काय करू?"

"काय करू म्हंजे? सांगून द्या न सरले. खोटा दाखला घेऊन मी पोट्ट्यायसमोर कसा उभा राहू?"

तिथूनच फोन लावला. "सर, ते चिनी नव्हतं. खांब होता."

 पलीकडे सर इतके हसले की मी फोन कानापासून लांब धरला.

"म्हणजे चुकलं कोण?"

"दोघंही, सर. मी जास्त."

"तारीख दिलीय ती दिलीय. पण पाऊल खुणेवर नाही पडलं तर मी सोडणार नाही. आणि टिपणात खांबाचं तुमच्या हातानं लिहा."

लिहिलं. स्वतःची फजिती सरकारी भाषेत लिहिण्याइतकं जड काम दुसरं नाही.

मास्तरांनी तीन आठवडे मैदानात चुन्याची रेघ मारून सराव केला. बावन्नाव्या वर्षी वीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे थट्टा नाही. मी दोनदा जाऊन आले. तोंडानं आकडे मोजायचे, दुसरी रेषा आली की पाय आत यायचा, स्वतःवरच चिडायचे, परत सुरुवात करायचे. पोरं समोर बसून बघायची. पहिल्याच दिवशी त्यांनी पोरांना सांगून टाकलं होतं, "मी तुमाले चुकीचं शिकवलं. आता आपण संगंच शिकू."

परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या रेषेवर मी श्वास रोखला. पाय सरळ गेला. अठरावी हालचाल, आरोळी, आणि मास्तर थांबले. सर खुर्चीतून उठून टेबलाला वळसा घालून गेले, वाकून खूण बघितली. पाय खुणेवर होता. सरांनी सही केली.

दाखला हातात घेऊन मास्तर माझ्याकडे आले. अभिनंदन केलं तर म्हणाले, "माहा पाय तं सरळ झाला मॅडम. आता चाळीस पोट्ट्यायचे राह्यले."

शाळेनं वर्ग चालू ठेवला. मी अजूनही पूमसेच्या इतिहासावर बोलते, आकाशाच्या तीन रेषाही सांगते. पण कुणाचं पाऊल वेगळं पडलं की आधी विचारते, सराव कुठं करता? जागा बघून येते. इतिहास नंतर.