आतार मॅडम आणि वसतिगृहातला घटसर्प

आमच्या डॉ. जुलेखा आतार मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांची नि माझी पहिली भेट पाचगणीच्या एका निवासी शाळेत झाली. मी तिथे मेट्रन होते; त्या सरकारी दवाखान्यातून तपासणीला आल्या होत्या. तापाने फणफणलेला एक मुलगा काही केल्या तोंड उघडेना. मॅडम त्याच्या खाटेवर बसल्या, बॅटरी त्याच्याच हातात दिली आणि स्वतः आ केला. "आधी माझा घसा बघ."

मुलगा हसला. मग त्यानेही आ केला. घशात राखट पडदा दिसला. घटसर्प!

"याच्या शेजारी कोण झोपतं? याला जेवण कोण वाढतं?" मॅडमनी लगेच विचारलं.

स्नेहसंमेलन तोंडावर आलं होतं. बोभाटा नको, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. मॅडमनी आवाज चढवला नाही. "सर, संमेलन पुढच्या वर्षी घेता येईल. तेव्हा ही सगळी मुलं हवीत ना?"

संमेलन रद्द झालं. मुलाला साताऱ्याला हलवलं, बाकीच्यांचे घसे तपासले.

जेवण वाढणाऱ्या हौसाबाई मात्र दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. मॅडम मला घेऊन त्यांच्या वाडीवर गेल्या.

"हौसाबाई, घरात कुणी आजारी हाय का?"

"न्हाई बाई." पण आतून घोगरा खोकला ऐकू आला, तशा हौसाबाई रडू लागल्या. "नातीचा घसा लय सुजलाय. कळलं तर कामावरनं काढत्याल, म्हणून बोलले न्हाई."

"काम जात न्हाई, माझा शब्द हाय. आदी पोरीला उचला."

साताऱ्याच्या दवाखान्याकडे पसरणीचा घाट उतरताना मॅडम त्या पोरीला मांडीवर सरळ धरून बसल्या होत्या. तिच्या श्वासाकडे कान लावलेला त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

दोन्ही मुलं वाचली. हौसाबाई कामावर परतल्या त्या सकाळी मॅडम मुद्दाम शाळेत आल्या आणि मुख्याध्यापकांसमोर हौसाबाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. पुढे कितीतरी आठवडे आम्ही वाड्यावाड्यांवर लस देत हिंडलो. शेताच्या बांधावर बसून खाल्लेल्या भाकरीची चव त्या दिवसांबरोबरच गेली.

निवृत्तीनंतर मॅडम सांगलीला राहायला गेल्या. आजही फोन केला, की स्वतःच्या गुडघ्यांबद्दल चकार शब्द नाही. पहिला प्रश्न एकच, "वाडीवरच्या पोरांचे डोस झाले का?"

झाले, मॅडम. पोरं ठणठणीत आहेत. आता तुम्ही तुमची औषधं वेळेवर घ्या, तब्येत सांभाळा आणि आम्हाला हा प्रश्न विचारायला अजून पुष्कळ वर्षं फोनवर भेटत राहा.