नानाजींचं दगडफूल

नानाजी चालताना कधी समोर बघायचे नाहीत. नजर कायम जमिनीवर. एकदा तर व्हरांड्यात थेट प्राचार्यांवर आदळले आणि माफी मागायच्या आधी त्यांच्या बुटाला चिकटलेलं शेवाळ काढून घेतलं. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते; गेल्या वर्षी निवृत्त झाले.

मी तिथली प्राध्यापक, पीएचडी झालेली. तरी सहल ठरली की मुलं आधी विचारायची, "मॅडम, नानाजी येऊन राह्यले ना?" मी हसून हो म्हणायचे आणि आतून जळायचे. मला भिंग लावूनही जे सापडायचं नाही, ते या माणसाला चालता चालता दिसायचं. "मी कुठं पाह्यतो मॅडम, थे सोताच बोलावते," म्हणायचे. मी डबा विसरले तर न विचारता अर्धी भाकर पुढे करायचे, त्यामुळे धड भांडताही यायचं नाही.

मसाल्यातलं दगडफूल सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं एक भावंड मातीवर राहतं, आपल्याकडे ते क्वचितच दिसतं. पीएचडीच्या काळात मी त्याच्यासाठी जिल्हाभर उन्हातान्हात फिरले, हाती काही लागलं नाही. आणि केळझरच्या टेकडीवर एका सहलीत नानाजींनी एकदम चपला काढल्या. "पाय नका ठेवू, झोपून हाये थे." समोर मुरमावर परातीएवढ्या जागेत राखाडी पापुद्रे होते. त्यांनी बाटलीतलं पाणी शिंपडलं. बघता बघता ते सगळं हिरवंगार झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

मुलांनी फोटो बाहेरगावच्या एका तज्ज्ञांना पाठवला. निरोप आला, "फार दुर्मिळ आहे. नानाजींना भेटायला येतोय." नानाजींना! त्या रविवारी मी एकटीच खुरपं घेऊन टेकडी चढले. नमुन्याला दोन पापुद्रे पुरे होते. मी सगळं खरवडून नमुन्याच्या कागदी पाकिटात भरलं. तज्ज्ञांसमोर पाकीट उघडणार होते ती मी, दुसरं कुणी नाही.

तज्ज्ञ आले. नानाजी आम्हाला त्या जागी घेऊन गेले, उकिडवे बसले, उघड्या मुरमावर पाणी शिंपडलं आणि वाट बघत राहिले. मग खुरप्याच्या खुणांवरून त्यांनी बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं.

"गुरं फिरली असतीन, साहेब," म्हणाले.

पाकीट माझ्या पिशवीतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी ते त्यांच्यापुढे ठेवलं. पाकिटावर 'शोधणारा' या शब्दापुढे मी त्यांचं नाव लिहिलं होतं. "चुकलं माझं, नानाजी. शोध तुमचाच आहे."

त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि पाकीट परत माझ्या हातात दिलं.

"माझं नाव खोडा, मॅडम. मी तं त्याले तिथंच ठेवलं होतं."