अॅडम्ब्रेशन आणि आत्याची शिंक

काका इंग्रजीचे मास्तर झाले आणि आमच्या घरातले अपशकुन बंद झाले. म्हणजे मांजर आडवं जायचं थांबलं नाही, पाल चुकचुकायची थांबली नाही. फक्त त्याला अपशकुन म्हणायची चोरी झाली. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. मुलांच्या हायस्कुलात शिकवायचे आणि घरी आले तरी शिकवणं थांबवायचे नाहीत. वडिलांचं नव्या पेठेत कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला घोळात घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण इंग्रजी शब्द कानावर पडला की ते देवळात उभं राहिल्यासारखे गप्प व्हायचे. काकांना हे पुरतं ठाऊक होतं.

तिसरी आमची आत्या, दोघांची थोरली बहीण. मोहोळला दिली होती, नवरा गेल्यावर माहेरी परतली. तपकीर ओढायची आणि साऱ्या जगाचे शकुन सांभाळायची.

त्या वर्षी संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे आमच्या जत्रेत, भाकणूक झाली. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की आमच्या सोलापुरात सालाचं भविष्य वासरू सांगतं. त्याला दिवसभर उपाशी ठेवतात, मग पुढ्यात गूळ, गाजर, बोरं, पान असं मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बिचकतं की शांत उभं राहतं, त्यावरून पाऊसपाणी आणि बाजारभाव ठरतात. त्या साली वासरू बिचकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं काळजीच्या सुरात ही बातमी सांगितली आणि काका चहा सांडेपर्यंत हसले.

"उपाशी जनावर बिचकणार नाही तर काय व्याख्यान देणार?" ते म्हणाले. मग त्यांना आपल्या नव्या शब्दाची आठवण झाली. तो त्यांनी आठवडाभर खिशात जपून ठेवला असावा. "पुढचं आधी कळायला वासरू लागत नाही, अक्का. साहित्यात त्याला अॅडम्ब्रेशन म्हणतात. लॅटिनात अंब्रा म्हणजे सावली. आपली छत्री, अंब्रेला, तीही त्याच घराण्यातली. जुने चित्रकार आधी नुसत्या छायेनं आकृती सुचवायचे. त्यावरून, जी गोष्ट पुढे घडायची तिची आधी पडलेली सावली, ते अॅडम्ब्रेशन. नाटकात शेवटी खून असला की पहिल्या अंकातच दिवा विझतो, तसं."

"मंजी आपली भाकणूकच की," आत्या म्हणाली.

"तो अडाणीपणा. हे शास्त्र आहे."

आत्यानं तपकिरीची चिमूट ओढली. वडील त्या शब्दापुढे केव्हाच गप्प झाले होते. मला मात्र तो शब्द आवडला. मला तेव्हा सगळेच इंग्रजी शब्द आवडायचे.

कारण मला मॅट्रिक व्हायचं होतं. आमची मुलींची शाळा इंग्रजी चौथीला, म्हणजे आताच्या आठवीला, संपायची. पुढे शिकायचं तर मुलांच्या हायस्कुलात, काकांच्याच शाळेत जायला हवं. वडील म्हणाले, "काका म्हणेल तसं." काका म्हणाले, "शाळा उघडली की हेडमास्तरांकडे नेतो." मग मी तो सबंध उन्हाळा काकांच्या मागेपुढे करण्यात घालवला. त्यांचे जोडे पुसले, त्यांच्या विनोदांना हसले. त्यातले बरेचसे विनोद हसण्यासारखे नव्हते.

जूनमधल्या त्या सकाळी मी धुतलेलं पातळ नेसून, वेणी घालून दारात उभी होते. काकांनी कोट चढवला, टोपी घातली, उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला आणि ओसरीवरून आत्या शिंकली.

आत्या दिवसभर शिंकायची. तिच्या शिंका मानल्या असत्या तर वडिलांचं दुकान कधी उघडलंच नसतं. पण काकांनी पाय मागे घेतला. सावकाश जोडे काढले आणि खुर्चीत बसले.

"मी शकुन मानत नाही, दादा," ते वडिलांना म्हणाले. "पण याला अॅडम्ब्रेशन म्हणतात. परवा पाहुण्यांसमोर हिनं मला उलट प्रश्न केला. आज निघताना हे असं. आणि संक्रांतीला वासरू बिचकलं, तेही विसरून चालणार नाही. मुलगी शिकून हाताबाहेर जाणार, त्याची ही सावली आहे."

ज्या वासराला हसताना काकांनी चहा सांडला, तेच आता साक्षीला उभं होतं. नुसती शिंक म्हटली असती तर वडील हसले असते. पण इंग्रजी शब्दापुढे त्यांनी मान डोलावली.

आत्या उठून आत आली. "आरं, तपकिरीची शिंक ती. हिचा कुटं शकुन धरतोस? आन धरायचाच असंल तर घोटभर पानी पी, गुळाचा खडा तोंडात टाक आन जा की. शिंकंला उतारा असतो."

"अक्का, अॅडम्ब्रेशनला गूळ चालत नाही."

आमच्या अडाणी शकुनांना निदान उतारे होते. काकांनी शकुन तेवढा इंग्रजीत नेला आणि उतारा मागेच ठेवला. मी माजघरात जाऊन वेणी सोडली आणि रडले.

दिवाळीनंतर माझं लग्न झालं, बार्शीला. सासूबाई मनानं मोकळ्या आणि तोंडानं त्याहून मोकळ्या. एकदा ज्वारी निवडताना सहज म्हणाल्या, "तुझ्या काकानं शिवरात्रीलाच शब्द दिला हुता की. आमीच म्हनलं, दिवाळी होऊ द्या."

मी मनात महिने मोजले. शिवरात्र माघात, आणि आत्या शिंकली जूनमध्ये. म्हणजे मी सारा उन्हाळा ज्यांचे जोडे पुसले, त्यांनी मला आधीच देऊन टाकलं होतं. त्यांना हवी होती फक्त एक शिंक. मला असा राग आला, की तो अजून उतरलेला नाही.

पुढल्या वर्षी काका आमच्याकडे आले. चहा देताना मी विचारलं, "काका, सावली आधी पडते म्हणता. पण ती पडायला वस्तू कुठेतरी उभी असावी लागते ना?"

काका खूश झाले. मास्तर होते, प्रश्न आवडायचे. "अर्थात. वस्तूशिवाय सावली कशी पडेल?"

"बार्शीत उभी होती," मी म्हटलं. "शिवरात्रीपासून."

काकांनी चहा बशीत ओतला आणि फुंकून संपवला. निघताना ते उंबऱ्याशी थांबले, तेव्हा मी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यांनी तो मुकाट्यानं तोंडात टाकला आणि गेले. हायस्कूल त्यांचं होतं. दुसऱ्या दिवशी तेच तिथे शिकवायला गेले, मी बार्शीतच राहिले.