आतल्या खोलीतली मुलाखत

काल सकाळी माझी लेक सई मुलाखतीला गेली, म्हणजे स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत गेली. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या इंटर्नशिपसाठीची ही मुलाखत लॅपटॉपवरच व्हायची होती.

तिच्या पायात बाहेरच्या सँडल होत्या. आमच्याकडे चपला उंबऱ्याच्या आत येत नाहीत. मी बघतेय म्हटल्यावर तीच म्हणाली, "अनवाणी बसलं की घरातच आहे असं वाटतं गं. मग बोलायला धीर होत नाही."

मी तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. ती खाऊन, हात धुऊन, "येते हं" म्हणत तिने दार लोटून घेतलं.

शिट्टी व्हायला नको म्हणून मी कुकरखालचा गॅस बंद केला. तिला शाळेत सोडलं, सहलीला सोडलं, पण ती इतकी लांब गेल्यासारखी कधी वाटली नव्हती. दाराआडून तिचा आवाज येत होता. ठाम होता, जरासा अनोळखीही. मुलं बहुधा अशीच मोठी होत असावीत, भिंतीपलीकडे, आपण कुकर सांभाळत असताना.

दार उघडलं. सई सरळ बाहेरच्या दाराशी गेली, सँडल काढल्या, न्हाणीघरात जाऊन पाय धुतले आणि म्हणाली, "आले गं."

मी तिच्यापुढे पाण्याचं भांडं धरलं. बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं. कसं झालं ते मागाहून विचारायचं.