प्रज्ञाच्या गाण्याची दोन व्हर्जन

रविवारी वरवट बकालला ताईकडे गेलो होतो. नांदुऱ्याहून एसटीत बसलो, इअरफोन घातले आणि आठवड्याची नवी गाणी सुरू केली... दर शुक्रवारी येणाऱ्या गाण्यांवर मी इथे लिहितो ना, ते काम रखडलं होतं.

खरं सांगू? कंटाळलोय. पॉपमधलं पोरगं पहिल्याच ओळीत ब्रेकअप करतं आणि कोरस येईपर्यंत त्याचं दुःख नाचायलाही लागतं. हिपहॉपवाल्यांचं गाडी, चेन, दुश्मन... अरे बाबा, तुझे एवढे दुश्मन आहेत तरी कोण? आणि इंडीवाले इतकं हळू गातात की घरात कोणी आजारी झोपलंय का, असं विचारावंसं वाटतं.

गेल्या कित्येक दिवसांत एक गाणं पूर्ण ऐकल्याचं आठवत नाही. बोट आपोआप पुढच्या गाण्यावर जातं. चांगलं काय, वाईट काय, तेच कळेनासं झालंय... आणि तरी लोक मेसेज करतात, सर, या आठवड्यात काय ऐकू?

ताईच्या दारात पोचलो तर भाची वाटच बघत होती. प्रज्ञा, ताईची थोरली. पुण्यात एका कंपनीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी रॅप लिहिते. तिचं पहिलंवहिलं गाणं तयार होतं, संध्याकाळी अपलोड करायचं होतं आणि मामा म्हणेल ते फायनल, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

गाणं आहे ताईच्या फोनवर. पोरगी पुण्याला गेल्यापासून ताईचा रोज फोन जातो आणि त्यात एकच प्रश्न असतो, "काऊन वं, जेवली का?" नोकरी, बॉस, एकटेपणा, सगळं प्रज्ञानं त्या एका प्रश्नाभोवती लिहिलंय.

पण गाण्याची व्हर्जन दोन. पहिलं आपल्या वऱ्हाडीत. ते ऐकून स्टुडिओतला मित्र म्हणाला, ही भाषा ऐकली की लोक हसतात, तुझं गाणं कॉमेडी रीलमध्ये जाईल. म्हणून तिनं सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं, शुद्ध पुणेरी... "का गं, जेवलीस का?"

पोरगी रडकुंडीला आली होती. पहिल्याच गाण्यावर लोक हसले तर पुन्हा माइकसमोर उभं राहायची हिंमत होणार नाही, म्हणाली. मी दोन्ही ऐकली. बीट नीट, आवाज नीट... आणि मला काहीच ठरवता येईना. दोन्ही चांगली आहेत, म्हणालो. तिचा चेहरा पडला. असलं मत दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी त्याला अनफॉलो केलं असतं.

ताईनं गाणं अजून ऐकलंच नव्हतं. ती म्हणाली, विहारात चला, वंदनेनंतर बाया बसतातच, सगळ्या मिळून ऐकू. आमच्याकडे भीमगीतांची गायन पार्टी ऐकायची एक रीत आहे. ओळ आवडली की ऐकणारा हात वर करतो, "पुन्हा" म्हणतो आणि गाणारा ती ओळ परत म्हणतो. नाही आवडली तर कोणी वाईट बोलत नाही, हात फक्त मांडीवर राहतात.

प्रज्ञानं मोबाइल विहाराच्या स्पीकरला जोडला आणि पुणेरी व्हर्जन लावलं. बाया शहाण्यासारख्या ऐकत होत्या. गाणं संपलं, टाळ्या पण झाल्या... हात मात्र एकही वर आला नव्हता.

ताई पदर सारखा करत पोरीकडे बघत राहिली. मग अगदी साधेपणानं विचारलं, "चांगलं हाय वं... पण हे कोनाची माय हाय?"

प्रज्ञानं खाली मान घालून दुसरं व्हर्जन लावलं.

आणि मग गंमत झाली. "काऊन वं, जेवली का?" आलं न आलं, तोच मागून एका आजीनं हात वर केला. पुन्हा म्हन. आता रेकॉर्ड केलेलं गाणं पुन्हा कसं म्हणणार? पण आजीला कोण सांगणार! प्रज्ञानं गाणं थांबवून मागे नेलं. जरा पुढे गेलं की दुसरा हात, मग तिसरा... ते गाणं काही केल्या पुढे सरकेना. प्रज्ञा हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. ताईला तर कुठे बघावं ते कळत नव्हतं.

मोबाइल दिसला की ज्याचं बोट पुढचं गाणं शोधतं, तो मी... माझाही हात वर होता. कधी गेला, आठवत नाही.

संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसूनच तिनं वऱ्हाडी व्हर्जन अपलोड केलं. पुणेरीवालं माझ्यासमोर डिलीट केलं. व्ह्यूज फार नाहीत, उगाच मोठं करून सांगत नाही. आणि जिची भीती होती तीही कमेंट आलीच. कोणीतरी लिहिलं, ही कॉमेडी आहे का? खाली तीन हसऱ्या इमोजी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं झणझणीत उत्तर टाइप करायला घेतलं, तेवढ्यात प्रज्ञाचं उत्तर तिथं पडलेलं दिसलं.

"नाही जी. माही माय हाय."

माझं लिहिलेलं मी खोडून टाकलं. या आठवड्यात नवीन काय ऐकायचं ते विचारू नका, मित्रहो... मी एवढं एकच पूर्ण ऐकलंय. थँक्यू, पोरी.