चौथ्या कौन्सिलचं मत

नोरीन "बाजूने" म्हणाली आणि टेबलावर आडवी झाली. पेला कलंडून पाणी तिच्या कागदांवर सांडलं. शेजारच्या सभासदाला वाटलं, काहीतरी पडलं म्हणून वाकली असेल. मी मागे, कौन्सिलची सभा बघायला येणाऱ्या लोकांच्या बाकावर होते. मला कळलं. मी मराठीतच ओरडले, "अहो, धरा तिला!" तेव्हा कुठे माणसं उठली. कारकुनाने तिचं मत लिहून घेतलं होतं.

नोरीन आमची शेजारीण, इथे परदेशात, मलिंगार गावात. सत्तरी उलटलेली, जिल्हा कौन्सिलची सभासद, कुठल्याही पक्षाची नाही. बूड टेकून बसलेली मी तिला घरात कधी पाहिली नाही. चहा उभ्यानेच प्यायची आणि रिकाम्या हाताने माझ्या कपाटांची दारं उघडून बघायची. काय हवंय, विचारलं तर म्हणायची, "काही नाही. हात मोकळा आहे." तब्येत विचारली की "ग्रँड". अंगात ताप असला तरी ग्रँड.

ती मतं मागायला दारात आली तेव्हा ओळख झाली. इथे कौन्सिलच्या निवडणुकीत राहणाऱ्या सगळ्यांना मत असतं, पासपोर्ट कुठलाही असो. नावांपुढे आकडे घालायचे. सगळ्यांत आवडत्याला एक, मग दोन, मग तीन. मी चौथी शिकलेली. मला वाटलं, मार्क द्यायचेत. नोरीनला नऊ दिले आणि ज्याचा कुत्रा आमच्या अंगणात घाण करतो त्याला एक. वर फुशारकीने तिला सांगितलं. हसता हसता तिला ठसका लागला. "शांता, त्या माणसावर एवढं प्रेम त्याच्या बायकोनेसुद्धा केलं नसेल!" तरी ती निवडून आली.

राष्ट्राध्यक्ष निवडायला मला मत नाही. ते नागरिकांचं. उभं राहायचं तर आधी संसदेतल्या वीस जणांचा पाठिंबा लागतो, नाहीतर चार कौन्सिलांचा. पक्षांची माणसं संसदेतून येतात. एक बिनपक्षाची बाई, निवृत्त नर्स, कौन्सिलांचे उंबरे झिजवत होती. तिला तीन मिळाल्या होत्या. मंगळवारी मुदत संपत होती आणि सोमवारी चौथीची, म्हणजे आमच्या कौन्सिलची, सभा होती. मोठ्या पक्षाने आपल्या सभासदांना हुकूम सोडला होता, कुणालाही पाठिंबा द्यायचा नाही. नोरीनने हिशेब केला होता. एका मतावर सगळं अडणार.

त्याच सोमवारी ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात तिला दाखल व्हायचं होतं. डोक्यातल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता, ऑपरेशन होतं. तिने फोन करून तारीख पुढे ढकलली आणि मग हॉस्पिटलचं दाखल होण्याचं पत्र मला दाखवायला आली. माझं डोकं फिरलं.

"ती बाई निवडून येणार आहे का?"

"छे. शेवटची येईल."

"मग हरणारीसाठी मरायला निघालीस?"

"हरू दे. पण लोकांनी हरवू दे. मताच्या चिठ्ठीवर नावच नसेल, तर लोकांना विचारलं कुठे?"

"अक्कल गहाण टाकलीस तू."

"ग्रँड," ती म्हणाली. मग दारातून मागे वळली. "डेक्लनला कळवलंस, तर तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही."

डेक्लन तिचा मुलगा, ॲथलोनला असतो. अडीनडीला म्हणून त्याचा नंबर तिनेच मला दिलेला. रविवारभर मी फोनभोवती येरझारा घातल्या. धुतलेली भांडी परत धुतली. तीनदा आकडे दाबले, शेवटचा दाबला नाही. तिचा शब्द मोडवेना वगैरे काही नव्हतं. तिचं येणं बंद झालं असतं, तर दिवसभर माझ्याशी बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

सोमवारी मला घेऊन ती निघाली. गाडी स्वतः चालवत होती. सिग्नलला थांबली की एका हाताने कपाळ दाबायची.

"दुखतंय?"

"झोप नाही झाली."

"परत फिर."

"गप्प बस, नाहीतर उतर."

मी उतरले नाही.

सभेत आडनावांच्या क्रमाने एकेकाला विचारत गेले. नोरीन शेवटची. तिच्यापर्यंत आले तेव्हा दोन्हीकडची मतं सारखी झाली होती. ती उठून उभी राहिली. बाकी सगळ्यांनी बसूनच सांगितलं होतं.

अँब्युलन्स गेल्यावर मी बाहेरच्या पायऱ्यांवरून डेक्लनला फोन केला. सगळे आकडे दाबले. मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. त्याने फोन ठेवला.

पाचव्या दिवशी ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलातच ती वारली. शुद्धीवर आली नाही. त्या नर्सबाईंचं नाव चिठ्ठीवर आलं आणि मतमोजणीत त्या शेवटच्या आल्या. नोरीनला पुरलं तेव्हा त्या आल्या होत्या. भाषण केलं नाही, बरं केलं. डेक्लनने माझ्याशी हात मिळवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

पत्र आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. त्यातली मी जिवंत आहे.